मिस्ड कॉलवरचं स्टेशन: 'कान खजूरा टेशन' का चाललं आणि त्याच्या पायाखालची जमीन कशी सरकली

२०१३ साली हिंदुस्थान युनिलिव्हरपुढे बिहार आणि झारखंडमध्ये एक विचित्र अडचण होती. माल गावोगाव पोचत होता, जाहिरात पोचत नव्हती. किराणा दुकानाच्या दारात व्हीलच्या पुड्यांची माळ लटकलेली असे, पण तीच पुडी का उचलावी हे सांगणारा टीव्ही घरात नव्हता. २०११ च्या जनगणनेनुसार बिहारमधल्या फक्त १६.४ टक्के घरांत उजेडासाठी वीज वापरली जात होती आणि टीव्ही १४.५ टक्के घरांत होता. महाराष्ट्रात हेच आकडे ८३.९ आणि ५६.८ असे होते. मुंबईत बसून जाहिरातींचा आराखडा करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर जो प्रेक्षक असतो, तो तिकडे जवळपास नव्हताच.

त्याच जनगणनेतला दुसरा आकडा मात्र वेगळं सांगत होता. बिहारच्या निम्म्याहून अधिक घरांत फोन होता. संध्याकाळी रॉकेलचा दिवा लावायचा आणि बाजारात जनरेटरवाल्या दुकानात दोन-पाच रुपये देऊन मोबाइल चार्ज करून आणायचा, असं ते जगणं होतं. फोन साधा, बटणांचा. त्यावर इंटरनेट नाही, असलं तरी परवडत नाही, आणि बॅलन्स कायम तळाला.

कंपनीने यावर जे केलं ते 'कान खजूरा टेशन' या नावाने जाहिरातक्षेत्रात गाजलं. एक नंबर द्यायचा, त्यावर लोकांनी मिस्ड कॉल द्यायचा, यंत्रणा तो कापून उलटा फोन करणार, आणि फोन उचलला की सुमारे १५ मिनिटांचा फुकट कार्यक्रम: हिंदी सिनेमाची गाणी, विनोद, निवेदकाच्या गप्पा, आणि मधूनमधून व्हील, पॉन्ड्ससारख्या कंपनीच्या उत्पादनांच्या जाहिराती. लो लिंटास आणि पीएचडी इंडिया या दोन एजन्सी त्यामागे होत्या. २०१४ मध्ये फ्रान्सच्या कान्स जाहिरात महोत्सवात या मोहिमेला सुवर्ण लायन मिळाले आणि मग पुढची काही वर्षं व्यवस्थापनाच्या वर्गांत, परिषदांत, प्रेझेंटेशनमध्ये ती इतकी दाखवली गेली की तिची गुळगुळीत दंतकथा झाली. 'भारतीय कल्पकता', 'कमी साधनांत मोठं काम' वगैरे. मला त्या दंतकथेत फार रस नाही. या मोहिमेचं यश आणि तिचा ओसर, दोन्ही एकाच गोष्टीत दडलेले आहेत आणि ती गोष्ट म्हणजे फोनच्या दरपत्रकातली एक फट.

फट कशी तयार झाली

३१ जुलै १९९५ ला कोलकात्यातून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला, तेव्हा येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. जाणाऱ्या कॉलचा दर मिनिटाला १६ रुपयांपर्यंत होता. अशा व्यवस्थेत मिस्ड कॉलला फारसा अर्थ नव्हता, कारण उलटा फोन आला तरी खिसा आपलाच कापला जायचा. १ मे २००३ पासून 'फोन करणाऱ्याने पैसे द्यायचे' ही पद्धत लागू झाली आणि इनकमिंग फुकट झालं. मिस्ड कॉलचा जन्म खऱ्या अर्थाने त्या दिवशीचा. न उचललेल्या कॉलला पैसे नाहीत, आलेल्या कॉललाही पैसे नाहीत. म्हणजे ज्याच्याकडे जेमतेम बॅलन्स आहे असा माणूसही दुसऱ्याच्या पैशाने बोलू शकतो.

आपल्याकडच्या घराघरांत याची एक सांकेतिक भाषा तयार झाली होती. पोचलो की एक मिस कॉल, खाली येऊन थांबलोय तर दोन. रिक्षावाल्याला, पेपरवाल्याला, गॅसवाल्याला मिस कॉल. व्यवसायांनीही ही सवय लवकर हेरली. बंगळूरुच्या झिपडायल या कंपनीने २०१० पासून केवळ मिस्ड कॉलवर ब्रँडच्या मोहिमा चालवायचा धंदा उभा केला आणि जानेवारी २०१५ मध्ये तिला थेट ट्विटरने विकत घेतलं. युनिलिव्हरने कान खजूरा टेशनच्या आधी ॲक्टिव्ह व्हीलसाठी असाच एक प्रयोग केला होता: मिस्ड कॉल द्या, उलट फोनवर नवरा-बायकोचा विनोदी संवाद ऐका. तो चालला म्हणून मोठं स्टेशन काढायचा धीर आला असणार.

आणखी एक गोष्ट याच सुमारास घडली होती, जी या प्रकरणाच्या चर्चेत सहसा कुणी मांडत नाही. २७ सप्टेंबर २०११ पासून ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, नको असलेल्या कॉल-मेसेजबाबतचे कडक नियम लागू झाले. रात्री ९ ते सकाळी ९ प्रचाराचे फोन बंद, 'डीएनडी'त, म्हणजे प्रचाराचे फोन नकोत असं कळवलेल्यांच्या यादीत, नाव असलेल्यांना हात लावायचा नाही, एका सिमवरून दिवसाला पाठवता येणाऱ्या एसएमएसवर मर्यादा. थोडक्यात, लोकांच्या फोनवर जबरदस्तीने घुसण्याचा रस्ता अरुंद झाला. मिस्ड कॉलमध्ये हाक ग्राहकाची असते. नियमांच्या काटेकोर अर्थाने त्याला परवानगी म्हणायचं का, हा वकिलांचा प्रश्न. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र 'मी बोलावलं म्हणून आले' ही भावना पक्की असते, आणि सहन करण्याची तयारी तिथूनच येते. मधे जाहिरात लागली तरी तो फोन आदळत नाही.

पंधरा मिनिटांत काय होतं

कंटेंट मार्केटिंगवर, म्हणजे गाणी-गप्पा-माहिती देऊन त्यातून ब्रँड पोचवण्यावर, बोलताना आपण तंत्राकडे पटकन वळतो आणि आशयाला 'मनोरंजन' या एका शब्दात गुंडाळतो. इथे थोडं थांबायला हवं, कारण कान खजूरा टेशनला स्पर्धा नव्हती हे खोटं आहे.

त्या काळात उत्तर भारतातल्या प्रत्येक बाजारात, आणि आपल्याकडेही तालुक्याच्या एसटी स्टँडजवळ, मोबाइलच्या टपऱ्यांवर कॉम्प्युटर लावून बसलेली मुलं मेमरी कार्ड भरून देत. थोडक्या पैशांत शेकडो गाणी, वर सिनेमे. भोजपुरी संगीताचा मोठा व्यवहार या कार्डांवरून चालायचा आणि त्याची कुठेही नोंद नव्हती. म्हणजे गाणं ऐकायला मिळत नाही म्हणून लोक युनिलिव्हरला मिस्ड कॉल देत होते, असं मानणं भाबडेपणाचं होईल. गाणं खिशात होतंच. ज्याच्या फोनला कार्डाची खाच नव्हती तो अपवाद, आणि असे फोन बरेच होते हेही खरं.

मग टेशनने जास्तीचं काय दिलं? माझ्या मते निवेदक. कार्डातली गाणी मुकी असतात. कुणी ती आपल्यासाठी लावलेली नसतात. इथे एक आवाज होता, जो खोड्या काढतो, टोमणे मारतो, एखाद्या संथ दुपारी सोबत करतो. रेडिओची ती जुनी जागा तिकडच्या बऱ्याच घरांत रिकामी होती. शिवाय हा आवाज कानाला लावलेल्या फोनमधून येतो, खोलीतल्या रेडिओतून नव्हे. फोनवर आपल्याशी फक्त ओळखीची माणसं बोलतात, अशी तोवरची सवय होती. त्या सवयीचा फायदा निवेदकाला मिळाला आणि त्याच्या आडोशाने व्हीललाही.

दुसरं, पंधरा मिनिटांची मर्यादा. युनिलिव्हरने शांपू जसा एका न्हाणीपुरत्या पुडीत घालून विकला, तसं हे मनोरंजनाचं मोजून बांधलेलं पाकीट होतं. कार्यक्रम संपतो, पुन्हा हवा तर पुन्हा मिस्ड कॉल. प्रत्येक वेळी माणूस नव्याने ठरवतो. कंपनीला त्यातून कळतं की कोण परत आलं, किती वाजता आलं, कोणत्या मिनिटाला फोन ठेवला. छापील जाहिरातीला आणि भिंतीवर रंगवलेल्या जाहिरातीला हे कधीच कळलेलं नाही. यापूर्वी गावात पोचायचं म्हणजे सिनेमाची व्हॅन पाठवायची, पडदा लावायचा, गर्दी जमवायची. किती लोक जमले हे ड्रायव्हर सांगेल तेवढंच खरं. टेशनवरचा प्रत्येक श्रोता हा एक दहा आकडी नंबर होता.

फोनच्या उणिवेशी भांडायचं नाही, हा यातला मला सर्वांत आवडणारा भाग. पडदा चार ओळींचा आहे तर पडद्याचा वापरच नाही. टायपिंग जमत नाही तर टायपिंग नाही. वाचता येत नाही तरी चालेल, नंबर लावता आला की झालं. आजही मोबाइलसाठी आशय करणाऱ्या अनेक टीम आधी कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यावर गोष्ट रचतात आणि मग ती फोनच्या आकारात कोंबतात.

आकड्यांकडे थोडं वाकड्या नजरेने

कंपनीच्या बाजूने सांगितलं गेलं की सहा महिन्यांत ८० लाख लोक टेशनचे श्रोते झाले आणि दर संपर्काचा खर्च ४ अमेरिकी सेंटांहून कमी आला. तेव्हाच्या दराने ते साधारण दोन रुपये चाळीस पैसे. पुढे २०१५ च्या सुमारास ही सेवा त्या दोन राज्यांबाहेर नेली गेली.

हे आकडे खोटे आहेत असं म्हणायचं कारण नाही. पण पुरस्काराच्या चित्रफितीत बसणारे आकडे आणि धंद्याच्या वहीत बसणारे आकडे यांत फरक असतो. 'संपर्क' म्हणजे काय? एक फोन, की त्या फोनमध्ये कानावर पडलेली एकेक जाहिरात? एका कॉलमध्ये जाहिराती एकाहून जास्त असतील तर एकच माणूस एकाच बैठकीत अनेक संपर्क होतो आणि दर झटकन स्वस्त दिसतो. ब्रँडची ओळख वाढली असं सर्वेक्षणात दिसणं एक, आणि दुकानात पुडी जास्त खपणं दुसरं. दुसऱ्या गोष्टीत दुकानदाराची उधारी, पीक कसं आलं, दिल्ली-सुरतहून मनीऑर्डर कधी आली, स्पर्धकाने पुडीचं वजन किती ठेवलं, हे सगळं मिसळलेलं असतं. त्यातून टेशनचा वाटा वेगळा काढणं सोपं नाही.

त्याहून मोठी गोष्ट बायकांची. कपड्याची पावडर, साबण, चेहऱ्याचं क्रीम: जाहिराती प्रामुख्याने बाईसाठी. फोन कुणाचा? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ४५.९ टक्क्यांकडेच स्वतः वापरता येईल असा मोबाइल होता. ही टेशनच्या दोन वर्षांनंतरची आणि संपूर्ण देशाची स्थिती. २०१३ च्या बिहारमधल्या खेड्यात ती याहून बरी असण्याचा संभव नाही. म्हणजे यंत्रणेत नोंदलेला नंबर बहुधा नवऱ्याचा किंवा थोरल्या मुलाचा. तो कामावर गेला की फोनही गेला. आठवड्याचा बाजार बहुतेक पुरुष करत असल्यामुळे त्याच्या कानावर व्हीलचं नाव पडणं अगदीच वाया जात नव्हतं, हा युक्तिवाद करता येतो, आणि तो मला अर्धा पटतो. तरी '८० लाख श्रोते' म्हणजे ८० लाख फोन, आणि त्या फोनमागे कोण बसलं होतं हे नंबर सांगत नाही. आज ॲपच्या 'युनिक युजर'वर, म्हणजे वेगवेगळ्या वापरकर्त्यांच्या आकड्यावर, डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्यांनाही हाच प्रश्न विचारता येतो. अजूनही पुष्कळ घरांत एका स्मार्टफोनवर आई, मुलगी आणि आजोबा तिघं असतात. २०१९-२१ च्या फेरीत तो ४५.९ चा आकडा ५४ वर गेला, एवढीच काय ती प्रगती.

त्याच रानातलं दुसरं रोप

हे प्रकरण सुटं काढून अभ्यासू नये. त्याच तंत्रावर, त्याच किंवा शेजारच्या भूभागात, जवळपास त्याच वर्षांत दोन वेगळे प्रयोग चालू होते.

छत्तीसगडमध्ये पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० मध्ये सीजीनेट स्वर सुरू केलं. मिस्ड कॉल द्यायचा, उलटा फोन येतो, मग एक बटण दाबून आपली बातमी सांगायची किंवा दुसरं दाबून इतरांच्या ऐकायच्या. गोंडी बोलणारा माणूस गोंडीत सांगू शकतो की शाळेत मास्तर येत नाही, रोजगार हमीची मजुरी थकली आहे. दिल्लीच्या आयआयटीच्या आधाराने उभ्या राहिलेल्या ग्रामवाणी या संस्थेने २०१२ मध्ये झारखंड मोबाइल वाणी काढली, तंत्र तेच. तिथेही लोकगीतं होती, कविता होत्या, सरकारी योजनांवरच्या तक्रारी होत्या, आणि त्या लोकांनीच भरलेल्या.

म्हणजे २०१३ मध्ये झारखंडच्या एखाद्या तरुणाकडे फुकट ऐकण्यासाठी दोन नंबर असू शकत होते. एकावर मुंबईत रचलेला हसता-खेळता कार्यक्रम, दुसऱ्यावर शेजारच्या तालुक्यातल्या माणसाचा घोगरा आवाज. पहिल्याकडे पैसा, चकचकीत ध्वनिमुद्रण आणि प्रत्येक किराणा दुकानापर्यंत पोचलेलं वितरणाचं जाळं. दुसऱ्याकडे पैशाची कायम चणचण. टेशनची रचना रेडिओची राहिली: तिकडून बोलायचं, इकडून ऐकायचं.

यात कुणाला दोष द्यायचा नाही. साबण विकणाऱ्या कंपनीने लोकांच्या तक्रारी का ऐकाव्यात? पण पुढे मोबाइलवरच्या आशयाचं जे झालं ते पाहिलं तर बाजी दुसऱ्या रोपाच्या बियाण्याने मारली. टिकटॉक भारताच्या लहान गावांत पसरलं ते लोकांनी स्वतः व्हिडिओ केले म्हणून. २९ जून २०२० ला सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली त्यात ते गेलं. आठवड्याभरात शेअरचॅटचं मोज आलं, ८ जुलैला इन्स्टाग्रामने रील्स भारतात आणलं, सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची चाचणी भारतातच सुरू केली. आज सांगलीच्या गृहिणीने भाकरी थापताना केलेला व्हिडिओ आणि मोठ्या मसाला कंपनीची जाहिरात एकाच रांगेत, एकाच बोटाच्या सरकण्यावर अवलंबून असतात. त्यामुळे ब्रँड स्वतःचं स्टेशन काढण्याऐवजी त्या गृहिणीच्या स्वयंपाकघरात आपली बरणी दिसेल याची व्यवस्था करतो. ती बरणी जाहिरात म्हणून आहे हे उघड सांगायचं की नाही, यावर मग वेगळी भांडणं.

फट बुजली

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं. कॉल फुकट, कायमचे, असं कंपनीने जाहीर केलं. डेटाही डिसेंबरअखेर फुकट, मग ती मुदत ३१ मार्च २०१७ पर्यंत वाढली. ट्रायच्या अहवालानुसार २०१४ मध्ये एक जीबी डेटाला सरासरी २६९ रुपये पडत होते. २०१८ मध्ये तो दर १२ रुपयांच्याही खाली आला. जुलै २०१७ मध्ये १,५०० रुपये अनामतीचा जिओफोन जाहीर झाला, पुढच्या वर्षी त्यावर व्हॉट्सॲपही आलं.

कान खजूरा टेशन ज्या फटीत उभं होतं ती म्हणजे ग्राहकाचा कॉल महाग आणि कंपनीचा कॉल त्या मानाने स्वस्त. ग्राहकाचा कॉल शून्य रुपयांवर आला तेव्हा 'आम्ही तुमचे पैसे वाचवतो' या वाक्यात काही उरलं नाही. फुकट मनोरंजन यूट्यूबवर अमर्याद होतं, तेही चित्रासकट, भोजपुरीत, मैथिलीत, मगहीत.

याहून कमी चर्चिला गेलेला दुसरा घाव २०१८ च्या अखेरीस बसला. जिओच्या माऱ्याने तोट्यात गेलेल्या एअरटेल आणि व्होडाफोन-आयडियाने किमान रिचार्जची अट आणली: २८ दिवसांना ३५ रुपये, नाहीतर आधी आउटगोइंग आणि मग इनकमिंगही बंद. तोवर 'लाइफटाइम'वाली सिम लाखो लोकांनी केवळ फोन घेण्यासाठी आणि मिस्ड कॉल मारण्यासाठी बाळगली होती. महिनोन्‌महिने रिचार्ज न करता फोन जिवंत ठेवणारा हा वर्गच टेशनचा नैसर्गिक श्रोता. दर महिन्याला पैसे भरायचेच असतील तर माणूस अमर्याद कॉलचा प्लॅन घेतो, आणि अमर्याद कॉल असलेला माणूस मिस्ड कॉल देत नाही. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये किमान प्लॅन ७९ वरून ९९ वर गेला. गरीब ग्राहकासाठी फोन बाळगणं महाग झालं आणि बोलणं फुकट. २०१३ मध्ये बरोबर उलटं होतं.

मला वाटतं, मोबाइलच्या कंटेंट मार्केटिंगमध्ये 'ट्रेंड' म्हणून जे मिरवलं जातं त्यातलं निम्मं अशा दरपत्रकातून जन्मतं. डिस्ने प्लस हॉटस्टारने २०२३ चा क्रिकेट विश्वचषक फक्त मोबाइलवर फुकट दाखवला. १९ नोव्हेंबरच्या अंतिम सामन्याला एका क्षणी ५ कोटी ९० लाख प्रेक्षक एकाच वेळी पाहत होते. त्याच वर्षी जिओसिनेमाने आयपीएल १२ भाषांत फुकट दिलं, मराठी आणि भोजपुरीसकट. टेशनचीच रचना ही: मनोरंजन फुकट, मधे जाहिरात, मोजमाप फोननंबरचं. फक्त पंधरा मिनिटांच्या गप्पांच्या जागी क्रिकेट आणि कॉलच्या जागी डेटा. दर वाढले की तीही जागा हलेल. उभा व्हिडिओ, आवाज बंद ठेवूनही कळावं म्हणून पडद्यावर उमटणारी अक्षरं, यांचीही मुळं अशीच साधी आहेत: लोक लोकलमध्ये एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने फोन बघतात, आणि हेडफोन घरी विसरलेला असतो.

आज हाच नंबर सुरू करायचा तर

बटणांचे फोन संपलेले नाहीत. २०२३ च्या जुलैमध्ये ९९९ रुपयांचा जिओभारत फोन आणताना कंपनीनेच सांगितलं होतं की २५ कोटी लोक अजून टूजीवर, म्हणजे जुन्या नेटवर्कवर, अडकलेले आहेत. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये साध्या फोनसाठी यूपीआय १२३पे सुरू केलं, त्यात पैसे देण्याचा एक मार्ग मिस्ड कॉलचाही आहे. महावितरणला वीज गेल्याचं कळवायला मिस्ड कॉल चालतो, पीएफची शिल्लक मिस्ड कॉलवर कळते. म्हणजे सवय आहे, नंबरांवर विश्वासही आहे, मात्र तो विश्वास सेवेपुरता. आपलं काहीतरी काम होणार असेल तर लोक आजही घंटा वाजवून ठेवतात.

अडचण उलट्या फोनची आहे. प्रचाराचे फोन आता १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून यायला हवेत, पाठवणाऱ्याची नोंदणी हवी, ग्राहकाच्या संमतीची नोंद हवी. आणि १४० पाहिल्यावर आपण काय करतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. स्मार्टफोन असेल तर पडद्यावर लाल अक्षरांत 'स्पॅम' उमटतं. मिस्ड कॉल मी दिला, पण परत आलेला फोन माझ्याच फोनने मला घेऊ दिला नाही, अशी ती गंमत. शिवाय बँकेच्या नावाने, कुरिअरच्या नावाने, पोलिसांच्या नावाने येणाऱ्या फसवणुकीच्या कॉलनी अनोळखी आवाजाबद्दलची २०१३ मधली ती मऊ भावना पुरती संपवली आहे. फोनवर फक्त ओळखीचे बोलतात हा समज ज्या निवेदकाच्या कामी आला, तो आज त्याला मिळणार नाही.

म्हणून मिस्ड कॉलची आजची जागा शोधायची तर ती व्हॉट्सॲपवर सापडते. दुकानाच्या काचेवर चिकटवलेला क्यूआर कोड स्कॅन करून किंवा जाहिरातीवर बोट ठेवून ग्राहक कंपनीला 'हाय' पाठवतो. त्याने सुरुवात केली की २४ तास कंपनी त्याच्याशी मोकळं बोलू शकते, आणि नोव्हेंबर २०२४ पासून अशा ग्राहकाने सुरू केलेल्या संवादाला व्हॉट्सॲपची मालक मेटा पैसे घेत नाही. कंपनीने आपणहून प्रचाराचा मेसेज पाठवला तर २०२५ मध्ये भारतात त्याला पाऊण रुपयाच्या आसपास पडत होते. दोन रुपये चाळीस पैशांशी तुलना केली तर हे स्वस्त वाटेल. पण त्या दोन-चाळीसमध्ये माणूस काही मिनिटं फोन कानाला लावून बसला होता. पाऊण रुपयाचा मेसेज 'आर्काइव्ह'मध्ये जाऊन पडतो, किंवा 'ब्लॉक'च्या बटणाखाली.

एखाद्या मराठी ब्रँडने, समजा विदर्भातल्या बियाणं किंवा खत विकणाऱ्याने, मला विचारलं तर मी त्याला जुना नंबर उकरून काढायला सांगणार नाही. 'हाय' पाठवणाऱ्या शेतकऱ्याला कॅटलॉगची पीडीएफही पाठवू नको म्हणेन. ती उघडायला जागा नसते, फोन सुप्रभाताच्या फुलांनी भरलेला असतो. दोन मिनिटांची व्हॉइस नोट पाठव, वऱ्हाडीत, या आठवड्यात कापसावर काय पडलंय आणि फवारणी कधी करायची नाही याबद्दल. ती नोट त्याने दुसऱ्या चार जणांना पुढे ढकलली तर जाहिरात झाली. आणि त्याला उलट नोट पाठवता येऊ दे, शिव्या असल्या तरी. त्या नोटा ऐकायला पगारी माणूस ठेवायचा खर्च अंदाजपत्रकात धरलेला नसेल, तर हे काम सुरू न केलेलं बरं, कारण ग्राहकाने तीन वेळा विचारून उत्तर आलं नाही की चौथ्यांदा तो थेट कृषी सेवा केंद्रात जातो आणि तिथला माणूस दुसऱ्याच कंपनीची बाटली काढून देतो.